बघू आणि पाहू

६ मे

प्रिय आत्या,

तब्येतीची चौकशी, हवापाणी वगैरे नेहमीचं सगळं मी लिहिलं आहे असं समज. आज मला मुद्द्याचं लिहायचं आहे आणि धीर आहे तोवर लिहून टाकायचं आहे.

शाळेचा निकाल लागला. बरा लागला. आईने तो शेजारच्या तीन घरांत सांगितला आणि प्रत्येक घरी तो थोडा थोडा वाढत गेला, त्यामुळे तिसऱ्या घरातल्या काकू मला पहिली आलेली समजतात. आता पुढे काय, हा प्रश्न आहे. माझ्यासमोर दोन वाटा आहेत.

पहिली बाबांची. इथल्याच कॉलेजात दृष्टितपासणीचा अभ्यासक्रम आहे. घरापासून चालत जाता येतं आणि माझं नाव तिथे लागल्यात जमा आहे. तो करायचा आणि मग बाबांच्या चष्म्याच्या दुकानात बसायचं. बाबा चष्मे उत्तम बनवतात, पण डोळे तपासायला त्यांना बाहेरचा माणूस बोलवावा लागतो, तो नेहमी उशिरा येतो आणि आल्यावर चहा मागतो. मी शिकले तर ते काम घरच्या घरी होईल.

दुसरी वाट भूमापनाची, म्हणजे जमीन मोजण्याची. ती शिकवणारी संस्था दूर आहे, रेल्वेने अख्खा दिवस लागतो. तिथेच राहावं लागेल. मी कुणाला न सांगता अर्ज केला होता आणि परवा उत्तर आलं की जागा मिळाली आहे. जूनअखेर हो की नाही ते कळवायचं आहे.

हे खूळ माझ्या डोक्यात कुठून शिरलं, असं विचारशील. शाळेसमोरचा रस्ता रुंद करायचं काम निघालं तेव्हा मोजणी करायला एक बाई यायच्या. तिपायावर दुर्बिण लावून त्या उभ्या असायच्या आणि मधल्या सुट्टीत मी फाटकाशी उभी असायची. एकदा त्यांनी मला डोळा लावू दिला. पलीकडे एकाने धरलेल्या पट्टीवरचे आकडे अगदी नाकासमोर आले. त्या म्हणाल्या, "तुमच्या शाळेची पायरी समोरच्या औषधाच्या दुकानापेक्षा वीतभर खाली आहे." मी तिथून रोज जाते, मला कधी जाणवलं नव्हतं. पाणी साचलं की ते नेमकं शाळेतच का शिरतं, ते त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मला एकही रस्ता सपाट दिसत नाही.

रविवारी दुकानात बाबांना सगळं सांगितलं. ते कुणाच्या तरी चष्म्याची दांडी बसवत होते. त्यांनी ऐकून घेतलं, स्क्रू घट्ट केला, काच पुसली आणि म्हणाले, "पाहू." एवढंच. मग शटर ओढलं आणि आम्ही घरी आलो.

आईला विचारलं तर ती म्हणते, नाहीच समज. पण तू त्यांची मोठी बहीण आहेस, ते नीट बोलायला लागायच्या आधीपासून त्यांना ओळखतेस. तूच सांग, याचा अर्थ काय धरू? फोन करून विचारलं असतं, पण फोनवर तुला ऐकू येत नाही, मग आपण दोघी ओरडतो आणि सगळी गल्ली माझं भविष्य ऐकते.

शुद्धलेखन दोनदा तपासलं आहे. तरी तू काहीतरी काढशीलच.

तुझी
खारूताई


१५ मे

प्रिय खारूताई,

काढलंच. 'दुर्बिण' नव्हे, 'दुर्बीण'. 'दुर्बिणीतून' म्हणताना मात्र 'बि' ऱ्हस्व. ज्या यंत्राचं एवढं वेड लागलं आहे त्याचं नाव तरी नीट लिहावं. बाकी पत्र स्वच्छ आहे. पूर्वी तू बोलतेस तसंच लिहायचीस, आता लिहिल्यासारखं लिहितेस. जिने सगळा जन्म छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात घालवला, त्या मुद्रितशोधक आत्याला आणखी काय हवं.

निकालाबद्दल शाबास. तिसऱ्या घरातल्या काकूंचा गैरसमज दूर करू नकोस.

आता तुझा प्रश्न. पत्र वाचून मला वाईट वाटलं, हे आधीच सांगते. तुझा बाप 'पाहू' म्हणाला असेल तर ते 'नाही' आहे. आमचे अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, 'पाहू' म्हणाले की विषय मिटला असं आम्ही भावंडं समजायचो. मी एकदा सायकल मागितली होती. 'पाहू' म्हणाले, आणि मी आजतागायत पायी चालते आहे. तुझ्या बापाने तो शब्द जसाच्या तसा उचलला. त्याच्या तोंडून तो मी फार वेळा ऐकलेला नाही, पण जेव्हा ऐकला तेव्हा पुढे काही झालं नाही.

तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालू नकोस. तो ओरडणारा माणूस नाही, त्यामुळे त्याच्याशी धड भांडताही येत नाही. भिंतीशी भांडल्यासारखं होतं, आणि वर ती भिंत आपण जेवलो की नाही याची चौकशी करते.

तू माझा सल्ला मागितला नाहीस, पण मी आता घरी बसलेली असते आणि सल्ल्याला वेळच वेळ आहे. तुझ्या वयाच्या मुलांना जो तो विचारतो, तुला काय आवडतं? मला हा प्रश्नच पटत नाही. कुठल्याही कामातला चांगला भाग कुणालाही आवडतो. प्रत्येक कामात एक कंटाळवाणा भाग असतो आणि तोच जास्त असतो. कुठल्या कामातला कंटाळा आपल्याला सोसवेल, हे तपासावं. मला पुस्तकं आवडायची म्हणून मी छापखान्यात गेले. तिथे पुस्तकं कुठली, तिथे स्वल्पविराम होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वल्पविराम. माझ्याबरोबर लागलेल्या दोघी कंटाळून सोडून गेल्या, बिचाऱ्या हुशार होत्या. मला मात्र चुकीच्या जागी पडलेला स्वल्पविराम उचलून जागेवर ठेवला की बरं वाटायचं. अजून वाटतं.

दृष्टितपासणीतला कंटाळा म्हणजे दिवसभर एकच विचारायचं, "आता स्पष्ट दिसतंय की मघाशी दिसत होतं?" हे तुला सोसवत असेल तर ते काम अजिबात वाईट नाही. माणूस डोळे बारीक करत येतो आणि जाताना त्याला समोरची पाटी वाचता येते. यात कमीपणा कसला?

भूमापनातला कंटाळा कुठला, ते मला ठाऊक नाही. तू त्या बाईंना विचारलं होतंस का?

वाईट वाटून घेऊ नकोस असं म्हणणार नाही. वाटून घे, पण जेवण सोडू नकोस.

तुझी
आत्या


११ जून

प्रिय आत्या,

तुझं पत्र आल्यावर मी काही दिवस गप्पच होते. आई म्हणाली, इतकी शांतता या घराला मानवत नाही, काहीतरी तोडफोड तरी कर.

मी तुझं ऐकलं. बाबांकडे तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांनीही काढला नाही. मधे एका मंगळवारी त्यांनी दुकान बंद ठेवलं, काचांच्या घाऊक व्यापाऱ्याकडे जातो म्हणाले आणि निघाले. परत आले ते शुक्रवारी. काचा काही आणल्या नाहीत आणि नाक उन्हाने सोलून निघालेलं. आईने विचारलं, "काचा हल्ली शेतात पिकतात का?" ते नुसते हसले. मग जेवताना मला म्हणाले, "तुझ्या बुटांचा नंबर काय गं?" मी सांगितला. "उन्हात तुझं डोकं दुखतं का?" म्हटलं, नाही. "बरं," म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. मला वाटलं, माझे डोळे तपासायचा विचार असेल.

मीच मग निकाल लावून टाकला. त्या संस्थेतली जागा सोडायची तर नकाराच्या कागदावर पालकांची सही लागते. तो कागद परवा त्यांच्यापुढे ठेवला. ते चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ वाचत बसले. मजकूर चारच ओळींचा होता.

"तुला नको?"

"नको. दृष्टितपासणीच करते."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी सही केली. मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल, निदान समोरून चहा तरी मागवतील. त्याऐवजी त्यांनी दुकानातल्या सगळ्या काचा पुसायला काढल्या, पुसून ठेवलेल्यासुद्धा. हवं ते मिळाल्यावर माणूस असा का वागतो, ते मला कळलं नाही. कागद मी त्याच दिवशी पाठवला. पोस्टाच्या पेटीपाशी थोडं रडू आलं. घरी येईपर्यंत आवरलं.

तू म्हणालीस म्हणून त्या मोजणीच्या बाईंना विचारलं, तुमच्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता? त्या लगेच म्हणाल्या, परत येणं. म्हणजे एका खुणेपासून मोजत मोजत निघायचं, सगळं मोजून झालं की तसंच मोजत परत त्याच खुणेवर यायचं. आकडा जुळला तर ठीक, नाही जुळला तर वाटेत कुठेतरी चुकलो आहोत, पुन्हा पहिल्यापासून. सगळे त्यालाच कंटाळतात, म्हणाल्या. मला त्यात काय कंटाळायचं तेच समजेना. उलट मला तोच भाग सगळ्यात चांगला वाटला. पण आता त्याचं काय.

आई म्हणते, बरं झालं तूच ठरवून टाकलंस, यांच्या 'बघू'वर बसली असतीस तर केस पिकले असते. तिच्या माहेरी म्हणे 'बघू' याचा अर्थ 'मी ऐकलंच नाही' असा होता.

कॉलेज पुढच्या महिन्यात सुरू होईल. "आता स्पष्ट दिसतंय की मघाशी?" याची मी आरशासमोर तालीम करते आहे.

तुझी
खारूताई


१८ जून

खारूताई,

शुद्धलेखन नंतर. आधी एका गोष्टीचं उत्तर दे आणि उलट टपाली दे.

तुझी आई 'यांच्या बघूवर' असं म्हणते. त्या रविवारी दुकानात तुझा बाप नेमकं काय म्हणाला? 'पाहू' म्हणाला की 'बघू' म्हणाला? अर्थ सांगू नकोस. त्याच्या तोंडून निघालेला शब्द सांग.

तू म्हणशील, दोन्ही एकच. शब्दकोशात एकच आहेत. आमच्या घरात नव्हते. अण्णांच्या मनात एखादी गोष्ट करायची असली की ते घरातल्यासारखं बोलायचे, 'बघू गं.' आणि द्यायची नसली की त्यांची भाषा कोट घालून यायची, 'पाहू.' त्यांना स्वतःला हे माहीत होतं की नाही, देव जाणे, पण आम्हा भावंडांना ते पक्कं पाठ होतं. 'बघू' म्हणाले की आम्ही बाहेर जाऊन उड्या मारायचो. नाही म्हणताना माणूस जरा जास्तच शुद्ध बोलतो. पुढे छापखान्यात लेखकांना गेलेली 'साभार परत'ची पत्रं तपासताना मला ते फार जाणवायचं, त्यांत कधी एक चूक सापडायची नाही. आम्ही मुलंही मग तसंच बोलायला लागलो. माझं सुटलं, तुझ्या बापाचं सुटलं नाही.

मागच्या पत्रात मी तुला यातलं अर्धंच सांगितलं. तू 'पाहू' लिहिलं होतंस, मी 'पाहू'चा अर्थ सांगितला. लिहिलेल्यावर विश्वास ठेवायची मला सवय आहे.

आणि त्याच्या सोललेल्या नाकाचं काय? दुकानात ऊन येत नाही. व्यापाऱ्याच्या गोदामातही येत नसावं. बुटांचा नंबर कशाला विचारला? चष्मेवाल्याची मुलगी ना तू, जरा डोळे उघड.

आत्या


२६ जून

प्रिय आत्या,

'बघू.'

ते 'बघू' म्हणाले होते. 'पाहू' मी लिहिलं. गेल्या वर्षी माझ्या पत्रातलं 'बघू' तू लाल शाईने खोडून परत पाठवलं होतंस आणि शेजारी लिहिलं होतंस, 'लिहिताना पाहू अधिक बरे.' ते माझ्या डोक्यात बसलं. तुला पत्र स्वच्छ वाटावं म्हणून मी बाबांचं बोलणं शुद्ध करून पाठवलं.

तुझं पत्र घेऊन तशीच दुकानात गेले आणि त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी वाचलं. कान लाल झाले. "ताईने हे सगळं सांगितलं होय," म्हणाले. मग मी विचारलं, "तुम्ही त्या मंगळवारी कुठे गेला होता?"

"बघायला."

"काय बघायला?"

"बघू म्हणालो होतो ना तुला? मग बघून आलो."

आत्या, ते त्या संस्थेत गेले होते. माझ्या जन्मात मी त्यांना इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. मुलींच्या खोल्या बघितल्या, दारांना आतून कड्या नीट लागतात. पिण्याचं पाणी चाखून बघितलं, जरा मचूळ आहे पण बाधणार नाही. मग मोजणीला निघालेल्या मुलामुलींच्या मागे मागे माळावर दिवसभर हिंडले, तिथे झाड म्हणून नाही, तेव्हा नाक सोललं. मुली दगडधोंड्यांतून चपला घालून चालत होत्या, ते त्यांना पसंत पडलं नाही, म्हणून बुटांचा नंबर. शिवाय एका दुर्बिणीला डोळा लावला तर काच धुरकट. यांना राहवेना. खिशातलं कापड काढून पुसली. तिथल्या सरांनी मग डोळा लावला आणि म्हणाले, अहो, आणखी आहेत. म्हणून यायला शुक्रवार उजाडला.

"मग आल्यावर मला सांगितलं का नाही?"

"बूट आणून मगच सांगावं म्हटलं. तुझ्या नंबरचे आले नव्हते. तेवढ्यात तू कागद पुढे ठेवलास. वाटलं, पोरीचं मन बदललं. मन तिचं आहे."

"नव्हतं बदललं."

"मग नक्की का म्हणालीस?"

आम्ही दोघं नुसते काउंटरच्या दोन बाजूंना उभे राहिलो. एक बाई चष्मा न्यायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, मी नंतर येऊ का?

आम्ही लगेच संस्थेत फोन लावला. कारकून म्हणाला, तुमचा कागद पोचला, जागा यादीतल्या पुढच्या मुलाला दिली, तो येऊन पैसे भरून गेलासुद्धा. या वर्षीचं दार बंद. बाबांनी फोन घेतला आणि आवाज न चढवता दोनदा विचारलं, दुसरं काही होईल का? तो म्हणाला, जानेवारीत एक छोटी तुकडी असते, तिचं पाहू.

'पाहू' म्हणाला गं. बाबांचा चेहरा इतका उतरला की मला त्यांचंच वाईट वाटलं. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "तो काय तुमच्या अण्णांच्या पोटी जन्मलाय? त्याच्या घरचं 'पाहू' वेगळं असेल. अर्ज करा आणि जेवायला बसा."

अर्ज केला आहे. दृष्टितपासणीच्या कॉलेजला नको म्हणून कळवलं. आता माझ्या हातात काहीच नाही, आणि मला भीती वाटते आहे.

तुझी
खारूताई


५ जुलै

प्रिय खारूताई,

एखादी चूक तशीच छापून गेली की पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र जोडतात. माझं जोडते आहे.

'६ मेचे पत्र. जेथे "पाहू" असे लिहिले आहे, तेथे "बघू" असे वाचावे.'

एवढ्याने तुझी जागा परत येत नाही, हे मला कळतं. मला फार लागलं आहे, बाळा. अक्षर न् अक्षर तपासणारी मी, माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडचा शब्द माझ्यासाठी कुणी बदलला आणि मला संशय आला नाही. तो रविवारी, दुकानात, स्क्रू फिरवता फिरवता 'पाहू' म्हणेल का, एवढा तरी विचार करायला हवा होता. नकार द्यायचा असता तर त्याने आधी हातातलं काम खाली ठेवलं असतं.

यापुढे मी तुझ्या पत्रात खुणा करणार नाही. 'दुर्बीण' एवढी मात्र सांभाळ.

तुझ्या जागेवर जो मुलगा गेला त्याच्यावर राग धरू नकोस, त्याच्याही घरात त्या दिवशी कुणीतरी उड्या मारल्या असतील. आणि दुसरं, जे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. दूरच्या आत्याला विचारण्याआधी जवळच्या बापाला आणखी एक प्रश्न विचारत जा. तो 'बघू' म्हणाला तेव्हा 'म्हणजे काय, बाबा?' एवढं म्हणाली असतीस तर आपण तिघंही सुखात असतो. तुझ्या घरात कमी बोलतात, माझ्या घरात मी एकटीच असते, म्हणून आपण कागदावर विसंबतो. कागद भला असतो, पण त्याला आवाज नसतो.

भीती वाटते आहे ते चांगलं आहे. 'नक्की' म्हणालीस तेव्हा ती वाटत नव्हती ना?

जानेवारीपर्यंत हात बांधून बसू नकोस. दुकानात बस. आणि कारकुनाचं उत्तर आलं की कळव, माझा जीव टांगणीला लागला आहे.

तुझी
आत्या


२० ऑक्टोबर

प्रिय आत्या,

त्या कारकुनाच्या घरी 'पाहू' म्हणजे 'हो' असतं. आज पत्र आलं. जानेवारीच्या तुकडीत माझं नाव आहे. खाली त्या सरांनी पेनाने लिहिलं आहे, 'वडिलांना नमस्कार सांगणे. काचा अजून स्वच्छ आहेत.' बाबांनी ती ओळ स्वतः वाचली आणि मग आईला वाचायला दिली, आणि मग काही काम नसताना पुन्हा मागून घेतली.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला काही नव्हतं आणि दुकानात वेळ मिळत नव्हता. मला आता दांडी बसवता येते, काच घासता येते, आणि काच बाहीने पुसायची नाही हे पाठ झालं आहे. सुरुवातीला पुसायची, तेव्हा बाबा काही न बोलता माझ्या हातात कापड ठेवायचे. आम्ही दुपारी एकत्र डबा खातो. ते पूर्वीपेक्षा जास्त बोलतात असं नाही, पण आता मी विचारते. "म्हणजे काय, बाबा?" असं दिवसातून दहादा होतं. कधी कधी वैतागतात. परवा वैतागून सरळ "हो" म्हणाले, तेव्हा आईने पंचांगात लिहून ठेवायला सांगितलं.

बूट आले. मी ते घरातच घालून हिंडते, म्हणजे तिथे चावणार नाहीत. आई म्हणते, माळावर जायच्या आधी ही माझी फरशी मोजून संपवणार.

एक खरं सांगू? निघायचं म्हणून आनंद आहे, आणि शटर ओढायची वेळ झाली की मी उगाच एखादी दांडी पुन्हा घट्ट करत बसते. जुलैमध्येच गेले असते तर असं झालं नसतं, तेव्हा मला बाबा नीट माहीतच नव्हते. गिऱ्हाइकं आता विचारतात, मुलगी कुठे आहे? बाबा म्हणतात, आहे अजून.

तुझी
खारूताई


१० जानेवारी

ताई,

मी पत्र लिहितो आहे म्हणून घाबरू नकोस, सगळे ठीक आहेत. इतक्या वर्षांनी लिहितो आहे, तेव्हा चुका असतील. असू देत.

काल खारूताईला गाडीत बसवून आलो. सोडायला येऊ का असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, तुम्ही बघून आला आहात ना, मग मी एकटी जाते. ते मला पटलं. बूट घातले होते. तिच्या आईने डबा दिला, रडली, पुन्हा डबा उघडून काहीतरी भरलं आणि पुन्हा रडली.

सकाळी दुकान उघडलं. डोळे तपासणारा माणूस उशिरा आला, चहा मागितला. दांड्यांचे स्क्रू ती एका लहान डबीत आकाराप्रमाणे लावून गेली आहे. मी आयुष्यभर ते एकाच खोक्यात शोधत आलो. आता पटकन सापडतात, त्यामुळे काम लवकर संपतं आणि मग वेळ उरतो. तो नको वाटतो.

तुला एक सांगायचं होतं, म्हणून लिहायला बसलो. गाडी सुटायच्या आधी तिने खिडकीतून विचारलं, "बाबा, मी नसताना तुम्हाला करमेल ना?"

मी म्हणालो, "पाहू."

सवयीने गेलं तोंडातून. गेल्यावर लक्षात आलं की हिला आता कळतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग खिडकीतून हात काढून माझा चष्मा उतरवला, बाहीने पुसला आणि परत माझ्या नाकावर ठेवला. बाहीने पुसायचा नाही हे तिला इतके महिने शिकवलं होतं. मी खिशातलं कापड खिशातच राहू दिलं. गाडी हलली. काचेवर रेघ उमटली आहे, अजून पुसलेली नाही.

तू पोरीला सगळं सांगून ठेवलंस, आता या घरात मला काही लपवायची सोय राहिली नाही. दोन्ही घरांत आता माणसं कमी आहेत. चार दिवस इकडे राहायला येतेस का? मोठं पत्र लिहू नकोस. नुसतं 'बघू' लिहिलंस तरी मी स्टेशनवर येईन.

तुझा
धाकटा